कडप्प्यावरची कोडी

प्राध्यापकांनी अण्णांना फसवलं. सरळ सांगतो, कारण गेली इतकी वर्षं आमच्याकडचे लोक या विषयावर आडून आडून बोलतात. अण्णांनी रचलेली मराठी शब्दकोडी प्राध्यापकांनी स्वतःच्या नावावर छापली, त्याबद्दल शाल-श्रीफळ घेतलं, आणि त्या समारंभात अण्णा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

मी दगडाचा व्यापारी. इथं कानडी मुलखात, बसवनगुडीत माझं फरश्यांचं दुकान आहे. गडहिंग्लजकडून इथं आलो तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर फरश्या चढवत होतो. पुढे तो ट्रक माझा झाला आणि ते दुकानही माझं झालं. मला कुणी काही फुकट दिलं नाही, मीही कुणाला देत नाही. असा माणूस शब्दकोड्यांच्या नादी कसा लागला, हे सांगायचं तर आधी अण्णा सांगावे लागतील.

पहिली भेट स्वयंपाकाच्या ओट्यावरून झाली. अण्णांना ओट्यासाठी काळा कडप्पा हवा होता. उंच, किडकिडीत माणूस. उन्हाळ्यातही अंगात कोट आणि कोटाच्या खिशात घडी घातलेलं इंग्रजी वर्तमानपत्र. कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं मराठी, पण इथं कधी येऊन राहिलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी भाव सांगितला. ते म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक आहे, आणि पाकीट काढलं.

मला राग आला. सांगितलेला भाव जो तसाच देतो, तो दुकानदाराचा अपमान करतो असं माझं मत आहे.

"अहो, स्वल्प कमी करा म्हणा की!" मी म्हणालो.

"का? तुम्ही सांगितलेला भाव खोटा आहे?"

"खोटा कशाला? पहिला आहे."

"म्हणजे खरा वेगळा आहे?"

"आहे. खणलंत तर सापडेल."

अण्णांचं पाकीट हातातच राहिलं. "अय्यो! म्हणजे बाहेरून एक बोलायचं, आत दुसरं ठेवायचं. पण आत ते ठेवायचं मात्र नक्की. सावकार, हे तुम्ही रोज करता?"

"पोट त्यावरच आहे."

"मग इथं वाया चाललाय तुम्ही. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी येतो."

मी बोलावलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी ते आले, आणि सोबत आणखी दोघांना घेऊन आले. एक डॉक्टर अक्का. इस्पितळातून निवृत्त झालेल्या, अण्णांच्या शेजारी राहणाऱ्या, तोंडाच्या फटकळ. दुसरे प्राध्यापक. मूळचे पुण्याचे, इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. तोवर हे तिघं बागेतल्या बाकावर कोडं सोडवत असत. पण तिथं पहाटे जोरजोरात हसण्याचा वर्ग सुरू झाला होता आणि त्या हसण्यात विचार करता येईना. म्हणून माझ्या दुकानापुढच्या फरश्यांच्या थप्पीवर त्यांनी बूड टेकलं आणि मग उठलेच नाहीत. चार माणसांत दोन बाय-टू कॉफ्या, म्हणजे एकीचे दोन पेले, यायच्या आणि कोडं सुरू व्हायचं.

हे कोडं साधं नव्हे. साध्या कोड्यात अर्थ दिलेला असतो, आपण शब्द भरायचा. या गूढ कोड्यात प्रत्येक ओळीचे दोन तुकडे असतात. एक तुकडा सरळ अर्थ सांगतो, दुसरा शब्द कसा जुळवायचा ते सांगतो, आणि दोघांमधला सांधा लपवलेला असतो. वाचताना वाटतं, काही गोष्ट सांगतायत. ती गोष्ट खरी मानली की माणूस बुडाला. हे मला पटकन समजलं. समोरच्याचं पहिलं बोलणं मी जन्मात कधी खरं मानलेलं नाही. माझं इंग्रजी मात्र पावत्यांपुरतं होतं. त्यामुळे युक्ती कळायची, शब्द सापडायचा नाही.

अण्णांनी घालून दिलेला एक नियम होता. ज्याला उत्तर सापडलं त्यानं ते बोलायचं नाही. अण्णांना सापडलं की ते चष्मा काढून कोटाच्या टोकानं पुसत. अक्का "झालं माझं" म्हणून कॉफीकडे वळत. प्राध्यापक पेनानं गुडघ्यावर ताल धरत. मग उरलेल्या माणसासाठी सगळ्यांनी थांबायचं. चौघांना सापडल्यावरच अण्णा ते चौकोनात लिहिणार. उरलेला माणूस म्हणजे अर्थातच मी.

"अण्णा, सांगून टाका ना त्यांना," प्राध्यापक म्हणायचे. "मला नऊचा तास आहे."

"सांगितलेलं उत्तर फुकटचं. सावकार फुकट घेत नाहीत."

एवढं बोलून अण्णा शांत बसायचे. पुढे बस जायची, रिक्षा जायच्या, माझा हमाल शटरची किल्ली मागायला दोनदा येऊन जायचा. मी त्या ओळीशी झगडत असायचो आणि एका इंग्रजीच्या प्राध्यापकाला माझ्यासाठी ताटकळावं लागायचं. मला कुणी इतका मान कधी दिला नव्हता. मी आजही छाती पुढे काढून सांगतो: अण्णा माझ्यासाठी थांबायचे.

त्यांचं बाकीचं वागणंही असंच. वर्तमानपत्रातल्या बातम्या ते वाचत नसत. "अक्का सांगते की," म्हणत. पेपर असा घडी घालत की फक्त कोडं वर राहावं. देशात सरकार पडलं तरी त्यांना दोन दिवसांनी कळायचं. एखादी ओळ फारच सुंदर असली तर उठून उभे राहत आणि ती रचणाऱ्या अनोळखी माणसाला, तो ज्या दिशेला असेल असं वाटे त्या दिशेला, हात जोडत. ओळ वाईट असली तर कॉफी तशीच ठेवून देत. त्यांचा एक कायदा होता: "कोडं घालणाऱ्यानं फसवावं. खोटं बोलू नये."

त्यांच्या पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका चाललेल्या, आणि अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. व्याही गहिवरले. "केवढा जीव आहे काकांचा!" म्हणाले. मागच्या रांगेतून अक्का माझ्या कानाशी लागल्या, "सावकार, याला सकाळचं आडवं सतरा सापडलं." आणि तसंच होतं. अक्षता टाकून झाल्याबरोबर ते मांडवातून वाट काढत माझ्याकडे आले, फक्त एवढं विचारायला, की तुम्हाला सापडलं का.

मराठी कोडी सुरू झाली ती माझ्या तापट तोंडामुळे. एका सकाळी मी इतका वेळ अडलो की कॉफीचा पेला आपटला. "इंग्रजीत काय मिजास दाखवता? माझ्या भाषेत घाला, मग बघतो कोण शेवटी राहतं!"

प्राध्यापक हसले. "मराठीत हा प्रकार होत नाही. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. आपल्या लिपीला ते सोसणारच नाही."

पुढच्या रविवारी अण्णा खडू घेऊन आले. भिंतीला टेकवलेला एक मोठा कडप्पा त्यांनी पुसला, त्यावर चौकोन आखले आणि शेजारी ओळी लिहिल्या. काना-मात्रेसकट एक अक्षर, एक घर. जोडाक्षरालाही एकच घर. संपला प्रश्न. पहिली ओळ अशी होती: "कपाटाच्या आत बसायला जागा. दोन अक्षरं."

मी लगेच ओरडलो, "झालं माझं!" कपाट या शब्दाच्या आतच पाट आहे. बसायला जागा म्हणजे पाट. प्राध्यापक अजून खरोखरच्या कपाटात बसले होते. त्या दिवशी सगळे त्यांच्यासाठी थांबले आणि अण्णा माझ्याकडे पाहून इतकं मोठं हसले, की अक्का म्हणाल्या, "आता दोघं मिळून पेढे वाटा."

मग दर रविवारी कडप्प्यावर नवं कोडं. एकदा त्यांनी मलाच कोड्यात घातलं. "दुकानात ऐकायला बसलाय. दोन अक्षरं." उत्तर कान. पण ओळीत मी होतो, माझ्या थप्पीवर बसलेला. माझ्यावर कुणी काही लिहिलं असेल तर एवढंच, आणि ते अण्णांनी लिहिलेलं आहे. आणखी एका रविवारी प्राध्यापक उशिरा आले तेव्हा फरशीवर लिहिलेलं होतं, "सर उलटे केले की पिळून निघेल. दोन अक्षरं." सर उलटं वाचलं की रस. तो पिळल्यावर निघतो. अक्का हसून हसून फरशीवर आडव्या झाल्या. प्राध्यापकही हसले, पण त्यांचं हसू ओठांच्या खाली उतरलं नाही.

सोमवारी सकाळी अण्णा स्वतः ओल्या फडक्यानं फरशी पुसत. "असू द्या की," मी म्हणायचो, "ही फरशी विकत नाही मी."

"सुटलेलं कोडं म्हणजे खाल्लेल्या केळ्याची साल. ठेवून काय करायचं? पुढच्याचा पाय घसरायचा."

पुसण्याआधी प्राध्यापक सगळं उतरवून घेत. अभ्यासाला, असं म्हणत. मी व्यापारी माणूस. कुणी माझ्या मालाची मापं उतरवून घेऊ लागला तर त्याची मानगूट धरली असती. पण फरशीवर अण्णांचा माल होता, आणि अण्णा आनंदानं त्यांना वाचून दाखवत होते.

तीन-चार वर्षं हे चाललं. मग एके दिवशी मराठी मंडळाचं आमंत्रण आलं. प्राध्यापकांच्या गूढ शब्दकोड्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन. आत सगळी आमच्या फरशीवरची कोडी. कपाट होतं, कान होता. प्रस्तावनेत लिहिलं होतं, की "काही मित्रांशी झालेल्या गप्पांचा उपयोग झाला."

"अभिनंदन, सावकार," अक्का म्हणाल्या. "आपण काही मित्र झालो."

सभागृहात वक्ते उठले आणि म्हणाले, मराठीला हे सोसणार नाही असं म्हणणाऱ्यांना सरांनी चोख उत्तर दिलं आहे. असं म्हणणारे सर स्वतःच होते! मी उभा राहिलो. अण्णांनी माझा सदरा मागून ओढला. "बसा हो. चांगलं बोलतोय माणूस." आणि टाळ्या वाजवायला लागले. खोटं खोटं नव्हे, मनापासून. त्यांच्या कोड्यांचं कुणीतरी कौतुक करत होतं. ते कुणाच्या नावानं चाललंय, हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी तोफ डागली. "अण्णा, माल तुमचा, शिक्का त्यांचा! हे मी चालू देणार नाही."

"सोडवलं की कोडं कुणाचंच राहत नाही, सावकार."

"मग पुस्तकावर कुणाचंच नाव नको होतं!"

त्यांनी पुस्तकाचं एक पान बोटांनी चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "कागद मात्र बरा वापरलाय."

मला वाटलं, या माणसाला काही लागतच नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते आजारी माणसासारखे. कॉफीला हात लावला नाही. पुस्तक उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. "हे बघा."

छापलं होतं: "गुरुजी उलटे केले की पिळून निघेल. दोन अक्षरं."

प्राध्यापकांना लोक सर म्हणत. आपल्यावरची थट्टा आपल्याच पुस्तकात कशी छापायची, म्हणून त्यांनी सरांच्या जागी गुरुजी घातले होते. आता गुरुजी हवे तितके उलटे करा, रस निघणार नाही. कोडं मेलं होतं. आणि त्या दोन घरांवर उभे-आडवे दुसरे शब्दही टेकलेले होते.

प्राध्यापक आल्यावर अण्णांनी त्यांच्यापुढे पान धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "हे सुटत नाही!"

"अण्णा, ते जरा बरं दिसेना. माझे विद्यार्थी वाचतील. हुशार वाचक समजून घेईल."

"काय समजून घेईल? तो बिचारा घरी बसून डोकं फोडेल. त्याला वाटेल, आपल्यालाच जमत नाही. तुम्ही त्याच्याशी खोटं बोललात!"

"एका ओळीचा केवढा बाऊ करता? पुढच्या आवृत्तीत बघू."

"आणि नावाचं?" मी विचारलं. "तेही पुढच्या आवृत्तीत?"

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, कोटाची गुंडी लावली. "तुम्ही फरश्या विका," म्हणाले, आणि निघून गेले. त्यानंतर ते आमच्या थप्पीवर आले नाहीत.

काही आठवड्यांनी मी एका पुस्तकाच्या दुकानावरून चाललो होतो. इथं मराठी पुस्तकं ठेवणारी दुकानं फार नाहीत. आतून आरडाओरडा ऐकू आला. मालक काउंटरच्या बाहेर येऊन उभा होता आणि त्याच्यासमोर, हातात पेन घेतलेले, आमचे अण्णा. शेजारी प्राध्यापकांच्या पुस्तकांची चळत. अण्णा एकेक प्रत उघडत होते, गुरुजींवर सुबक रेघ मारत होते आणि वर छापल्यासारख्या अक्षरात "सर" लिहीत होते. मंडळाच्या वाचनालयातली प्रत त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, हे मला नंतर कळलं.

"विकायच्या पुस्तकात खरडता?" मालक म्हणत होता. "एवढं वय झालं तुमचं! हे पुस्तक तुम्ही लिहिलंय काय?"

अण्णा म्हणाले, "नाही."

"होय म्हणा!" मी दारातून ओरडलो. "अण्णा, होय म्हणा! अहो, यांनीच केलंय हे सगळं, माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत!"

मालकानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. वेडे दोन निघाले असं त्याला वाटलं असणार.

"सावकार, स्वल्प हळू," अण्णा म्हणाले. मग मालकाकडे वळून, "चूक छापलीय हो. घेणारा अडकेल. म्हणून."

"मला ते माहीत नाही. पुस्तकं खराब झाली. भरून द्या."

मी चळतीचा भाव विचारला. त्यानं सांगितला. मी तोच दिला. माझ्या धंद्याच्या आयुष्यात मी पहिला भाव कुणाला दिला असेल तर तो त्या दिवशी. मग पुस्तकं उचलायला लागलो तर अण्णांनी हात धरला.

"कुठं नेताय?"

"घरी."

"घरी नेऊन काय लोणचं घालणार? आता बरोबर झालीत की. इथंच ठेवा, लोक घेतील."

"अण्णा, मी पैसे दिलेत!"

"म्हणूनच तुमचं ऐकायला पाहिजे त्यांनी. सांगा, फळीवर ठेवा म्हणून."

मी सांगितलं. पैसे माझे गेले, माल त्याच्याच फळीवर राहिला, आणि विकून झालेला नफाही त्याचाच. मालकाच्या चेहऱ्यावर अविश्वास होता. इतका वाईट सौदा मी ना त्याआधी केला, ना त्यानंतर. पण उरलेल्या प्रती मी एकेक करून उघडून धरत होतो आणि अण्णा दुरुस्त करत होते. त्या तासाभराचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या दुकानाचा नाही. ज्या पुस्तकावर आपलं नाव नाही, त्यातली एक ओळ कुणा अनोळखी माणसाला फसवू नये म्हणून शिव्या खात उभा राहिलेला माणूस मी पाहिला आहे. तो माझा मित्र होता.

नव्वदचं दशक संपता संपता अण्णा गेले. अक्का त्यानंतर वर्षभरानं. मी सकाळी अजून पेपर घेतो आणि एकटाच सोडवतो. आता इंग्रजीही बऱ्यापैकी सुटतं.

हे सगळं मी गिळून बसलो असतो. पण गेल्या महिन्यात त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली आहे. प्राध्यापक आता मुलाकडे, सर्जापूर रोडच्या एका उंच इमारतीत राहतात. नव्या कपड्यांतलं हे पुस्तक पुण्या-मुंबईहून आलेली आयटीतली मुलं हौसेनं घेतात आणि मंडळ पुन्हा प्राध्यापकांचा सत्कार करतंय. मी प्रत आणली. पहिलं पान पाहिलं, तिथं अण्णा नाहीत. ते पान काढलं, तिथं गुरुजी आहेत. तसेच. दुरुस्त केले असते तर चूक कुणी दाखवली ते सांगावं लागलं असतं.

अण्णा म्हणायचे, सोडवलेलं कोडं कुणाचंच नसतं. ते त्यांचं मत, त्यांना शोभत होतं. मला ते मान्य नाही. दगडसुद्धा कुठल्या खाणीतला ते आम्ही सांगून विकतो. तेव्हा प्राध्यापक, नावाचा हिशेब मी मागतो आणि त्या ओळीचा अण्णांच्या वतीनं मागतो. ही कोडी कुणाची? आणि जी सुटत नाही हे तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, ती ओळ तुम्ही दुसऱ्यांदा का छापलीत? मंडळाच्या समितीनंही सांगावं, सत्कार नेमका कशाचा आहे. उत्तर मला घरी येऊन, चहा पीत नको आहे. सत्काराच्या दिवशी व्यासपीठावरून हवं, शाल अंगावर पडायच्या आधी.